रॉकगीतांतला दडलेला अर्थ: आधी बोलणारा ओळखा

प्रश्न असा आला आहे: “‘हॉटेल कॅलिफोर्निया’ हे सैतानाच्या पूजेचं गाणं आहे असं कॉलेजात सगळे सांगतात. ‘लूसी इन द स्काय’ म्हणजे एलएसडी हे नशेचं द्रव्य, ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’ म्हणजे फ्रेडी मर्क्युरीची कबुली. यातलं खरं काय? आणि अशा गाण्यांतला दडलेला अर्थ शोधायची काही रीत आहे का?”

रीत आहे आणि ती शिकता येते. मी तीसेक वर्षं कॉलेजात इंग्रजी कविता शिकवली. जवळजवळ तितकीच वर्षं पुण्यात महिन्यातल्या एका रविवारी दहा-पंधरा जणांना जमवून ही गाणी ओळीओळीने ऐकवत आलो. त्यातून एक गोष्ट मनात पक्की बसली आहे. अर्थ बहुतेक वेळा कडव्यांत उघड्यावर पडलेला असतो आणि आपण ध्रुवपद गुणगुणत त्याला ओलांडून जातो. म्हणून ‘सैतान म्हणजे काय, हिरे म्हणजे काय’ असं एकेका शब्दाच्या मागे लागण्याआधी साधे प्रश्न विचारायचे. बोलतंय कोण? कुणाशी? कुठून? एवढं ठरलं की निम्म्या अफवा आपोआप गळून पडतात.

‘हॉटेल कॅलिफोर्निया’च घेऊ. ईगल्स या अमेरिकी बँडचा हा अल्बम डिसेंबर १९७६ मध्ये आला. चाल डॉन फेल्डरची. त्याने ती घरी टेप करून आणली होती आणि बँडमध्ये तिला कामापुरतं नाव पडलं होतं ‘मेक्सिकन रेगे’. शब्द डॉन हेन्ली आणि ग्लेन फ्राय यांचे. सैतानाची अफवा तीन खुंट्यांवर टांगलेली आहे. अल्बमच्या आतल्या फोटोत वरच्या सज्जात एक धूसर आकृती दिसते, ती म्हणे सॅन फ्रान्सिस्कोत सैतानाचं चर्च काढणाऱ्या अँटन लाव्हेची. गाण्यात १९६९ साल येतं आणि लाव्हेचं ‘सैतानी बायबल’ त्याच साली छापलं गेलं. शिवाय शेवटच्या मेजवानीत एक ‘बीस्ट’, म्हणजे श्वापद आहे. झालं. एवढ्या मोठ्या गाण्यातून दोन शब्द उचलले, त्यांना एक फोटो जोडला, आणि बाकीच्या ओळी वाऱ्यावर सोडल्या. चुकीचा अर्थ ओळखायची ही पहिली खूण: त्याला गाण्याचा अगदी थोडा भाग पुरतो आणि उरलेला अडचणीचा वाटतो. (कव्हरवरची इमारत बेव्हर्ली हिल्स हॉटेलची आहे आणि आतला फोटो हॉलिवूडमधल्या लिडो हॉटेलच्या लॉबीत काढलेला आहे.)

आता बोलणारा पाहा. रात्र आहे, वाळवंटातला रस्ता आहे, गाडी चालवून थकलेला एक माणूस आहे. डोकं जड झालंय, डोळ्यांपुढे अंधारी येतेय, लांबवर एक दिवा लुकलुकतोय. हवेत ‘कोलिटास’चा वास आहे. स्पॅनिशमध्ये कोलिटास म्हणजे लहान शेपट्या, आणि बोलीत गांजाची बोंडं. म्हणजे नशेचा वास पहिल्याच कडव्यात आहे. तो लपवलेला नाही. हा माणूस त्या प्रदेशातला नाही, वाटसरू आहे. गाणं करणारेही तिथले नव्हते. हेन्ली टेक्ससचा, फ्राय डेट्रॉइटकडचा, फेल्डर फ्लोरिडाचा, रँडी माइझनर नेब्रास्काचा, जो वॉल्श ओहायोत वाढलेला. नशीब काढायला लॉस एंजेलिसला आलेल्या पाच उपऱ्यांनी त्या शहराबद्दल सांगितलेली ही गोष्ट आहे. हे एकदा ध्यानात आलं की हॉटेल कशाचं, हा प्रश्न फारसा अवघड राहत नाही.

दारात एक बाई उभी आहे आणि मिशनची घंटा वाजते. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यालगत स्पॅनिश पाद्र्यांनी १७६९ पासून २१ मिशनं उभारली. त्या घंटा हे तिथल्या मातीचंच चिन्ह. घंटा ऐकून हा मनाशी म्हणतो, हा स्वर्ग असेल नाहीतर नरक. शंका त्याला उंबऱ्यावरच आली होती आणि तरीही तो आत गेला, हे विसरू नका. मला तरी सबंध गाण्याचा कणा इथे दिसतो. त्याला कुणी ओढून नेलेलं नाही. पुढे ती बाईच सांगते की इथे आम्ही सगळे कैदी आहोत, आणि बेड्या आमच्या आम्हीच घडवल्या आहेत.

त्या बाईच्या वर्णनात एक शब्द आहे, त्याने मला ऐकण्याबद्दल फार मोठा धडा दिला. ८० च्या दशकात आमच्याकडे हे गाणं कॅसेटवर उतरवून घेतलेलं होतं. त्याच्यासोबत छापील शब्द कुठले असायला! मी आणि माझा मित्र वहीत ओळी उतरवत बसायचो. जो शब्द कळला नाही तिथे मोकळी जागा सोडायची आणि पुन्हा टेप मागे घ्यायची. ‘टिफनी’वर आम्ही दोन संध्याकाळी घालवल्या, कारण टिफनी हे न्यूयॉर्कच्या जवाहिऱ्याचं नाव आहे हे दोघांनाही माहीत नव्हतं. ‘मर्सिडीज बेंझ’ मात्र सहज ओळखलं आणि लिहून मोकळे झालो. कितीतरी वर्षांनी छापील शब्द हाती आले. तिथे ‘मर्सिडीज’ होतं, पण पुढे ‘बेंझ’ नव्हतंच. शब्द होता ‘बेंड्स’. पाणबुड्या खूप खोलावरून झपाट्याने वर आला तर त्याच्या रक्तात वायूचे बुडबुडे धरतात आणि सांधे असह्य दुखतात, त्या आजाराचं हे नाव. उच्चार गाडीचा आणि अर्थ दुखण्याचा. फार वेगाने वर आल्याचं दुखणं! लॉस एंजेलिसच्या त्या जगाचं निदान हेन्लीने एका शब्दात केलं होतं आणि आम्ही तिथे मोटार लिहून पुढे गेलो होतो. तेव्हापासून मी प्रत्येकाला सांगतो: जो शब्द सहज कळला असं वाटतं, तोच आधी छापील ओळीशी ताडून पाहा. अडलेला शब्द आपण शोधतोच. न अडलेला फसवतो.

मद्याची ओळही अशीच दुहेरी. हा वाइन मागवतो आणि उत्तर मिळतं की ते ‘स्पिरिट’ आमच्याकडे १९६९ पासून नाही. वाइन आंबवून होते, स्पिरिट ऊर्ध्वपातनाने, मग कवीला एवढंही कळत नव्हतं का, असं लोक विचारत आले. हेन्लीने त्यावर स्पष्ट सांगितलं आहे की दारूची माहिती त्याला पुरेशी आहे आणि ती ओळ समाजाविषयी आहे. स्पिरिट म्हणजे दारू आणि स्पिरिट म्हणजे एका पिढीचं चैतन्य. ऑगस्ट १९६९ मध्ये वुडस्टॉकचा संगीत महोत्सव झाला आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात आल्टामाँटच्या मैदानावर गाणं चालू असताना माणूस भोसकला गेला. एका ऋतूत फुललेली स्वप्नं पुढच्या ऋतूत कशी सुकली हे ज्यांनी पाहिलं, त्यांना १९६९ चा उलगडा करण्यासाठी लाव्हेच्या पुस्तकाची गरज नाही.

तरी सगळंच खोल असतं असं धरून चालू नये. मेजवानीत श्वापदाला भोसकणाऱ्या सुऱ्या ‘स्टीली’ आहेत, तो ‘स्टीली डॅन’ या बँडला केलेला दोस्तीतला इशारा आहे. त्याच वर्षी स्टीली डॅनच्या एका गाण्यात भांडणारं जोडपं शेजाऱ्यांना ऐकू जाऊ नये म्हणून ईगल्सची रेकॉर्ड मोठ्याने लावतं. त्याची ही परतफेड. त्याच ओळीतला श्वापद न मरण्याचा भाग मात्र गंभीर आहे. एका ओळीत दोन्ही राहू शकतं.

आणि शेवट. तो दाराकडे धावतो. रात्रपाळीचा माणूस सांगतो की बिल केव्हाही चुकतं करा, बाहेर पडणं मात्र होणार नाही. शब्द तिथेच थांबतात. तो सुटला की नाही, कुणी सांगत नाही. पुढे दोन मिनिटांहून जास्त वेळ फेल्डर आणि वॉल्शच्या गिटारी आलटूनपालटून आणि मग हातात हात घालून वाजतात, आणि हळूहळू विरून जातात. गोष्ट भूतकाळात सांगितली आहे, हे ध्यानात ठेवून पुन्हा ऐका. मग सांगणारा आत्ता कुठे बसलाय? बाहेर पडून सांगतोय, की त्याच आवारात बसून नव्या पाहुण्याला? मी शेकडो वेळा हे गाणं ऐकवलं आहे आणि माझं मत दुसऱ्या बाजूला झुकतं. पण गाण्याने ते उघडं ठेवलं आहे आणि ते उघडंच राहू द्यावं.

आपल्याकडच्या ऐकणाऱ्यांना इथे एक सवय आडवी येते. आपण कूट आणि भारूड ऐकत वाढलो. एकनाथांचा विंचू चावतो तेव्हा तो विंचू म्हणजे काम-क्रोध हे भारूडच सांगतं आणि ‘सत्त्वगुण लावा अंगारा’ म्हणून उताराही तिथेच मिळतो. कुलूप आणि किल्ली एकाच घरात. त्यामुळे ‘अमुक म्हणजे काय?’ असं विचारलं की नेमकं उत्तर मिळणारच, असं आपल्या कानाने धरून ठेवलेलं असतं. रॉकच्या गीतकाराला अशी परंपरा पाठीशी नाही. ऐकणाऱ्याच्या हातात आधीपासून किल्ली नसते आणि बऱ्याचदा लिहिणाऱ्याच्याही नसते. कुटाच्या जवळ जाणारं गाणं म्हणजे डॉन मॅकलिनचं १९७१ चं ‘अमेरिकन पाय’. त्यातला पेपर टाकणारा मुलगा स्वतः मॅकलिन, आणि ती वाईट बातमी ३ फेब्रुवारी १९५९ ला आयोवात झालेल्या विमान अपघाताची, ज्यात गायक बडी हॉली गेला. एवढं भक्कम. पुढचे राजे, विदूषक आणि राण्या यांची यादी लोक पाठ म्हणतात. त्या यादीला मी पाया म्हणत नाही, त्यावर चढवलेला मजला म्हणतो.

आता असं गाणं, ज्यात काहीच दडलेलं नाही आणि तरी लोकांनी नेमका उलटा अर्थ घेतला. ब्रूस स्प्रिंगस्टीनचं ‘बॉर्न इन द यू.एस.ए.’, १९८४. ध्रुवपद मुठी आवळून ओरडायचं. मॅक्स वाइनबर्गचे ड्रम तोफेसारखे. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात निवडणुकीच्या प्रचारात रोनाल्ड रेगन यांनी न्यू जर्सीतल्या हॅमंटन इथल्या भाषणात स्प्रिंगस्टीनचं नाव घेऊन त्याच्या गाण्यांतल्या आशेच्या संदेशाचा गौरव केला. आणि कडव्यांत काय आहे? मेलेल्या गावात जन्मलेला मुलगा, काहीतरी भानगडीत सापडतो, हातात बंदूक देऊन व्हिएतनामला पाठवला जातो, परत येतो तर रिफायनरीत काम नाही, सरकारी कचेरीत दाद नाही. दहा वर्षं झाली, जायला जागा नाही.

आमच्या बैठकीला भाचीबरोबर साताऱ्याकडचे एक निवृत्त सुभेदार येऊ लागले होते. इंग्रजी गाण्यांशी त्यांचा काही संबंध नव्हता. त्या दिवशी मी एकेक कडवं मराठीत सांगून मग वाजवत होतो. भावाचं कडवं आलं. खे सानला लढायला गेलेला भाऊ. शत्रू अजून तिथेच आहे, भाऊ मात्र राहिला नाही, आणि सायगावच्या एका बाईच्या मिठीतला त्याचा फोटो तेवढा याच्याजवळ आहे. सुभेदारांनी हात वर केला. “सर, ते ठाणं नंतर कुणाकडे राहिलं?” मला ठाऊक होतं म्हणून सांगितलं: १९६८ च्या जानेवारीपासून ७७ दिवस वेढा पडला, अमेरिकी मरीन्सनी ठाणं राखलं, आणि त्याच जुलैत अमेरिकेने ते आपण होऊन सोडून दिलं. ते थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “मग बरोबर आहे. त्याला तेच म्हणायचंय.” भाचीने मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं. ‘ते अजून तिथेच आहेत’ या साध्या ओळीत जागा कुणी राखली, कशासाठी राखली आणि कुणी सोडली हा सगळा हिशेब आहे. मी ती ओळ कितीतरी वर्षं शिकवत होतो. पण ती पूर्ण ऐकली, ठाणं राखणं म्हणजे काय हे ज्याला ठाऊक होतं त्याने.

या गाण्याची एक आधीची आवृत्ती आहे. १९८२ च्या जानेवारीत स्प्रिंगस्टीनने घरच्या चार ट्रॅकच्या कॅसेट यंत्रावर एकट्याने, गिटारवर गाऊन ठेवलेली. ती १९९८ मध्ये बाहेर आली. शब्द बव्हंशी तेच, आणि गाणं विलापासारखं. दोन्ही पाठोपाठ ऐका. शब्द एक म्हणतात आणि ठेका दुसरं म्हणतो तेव्हा गीतकार चुकलेला नसतो. अर्थ त्या दोहोंच्या मधल्या फटीत ठेवलेला असतो. त्या माणसाकडे ओरडून सांगायला आपल्या जन्माच्या पुराव्याखेरीज काही उरलेलं नाही, हे ध्रुवपदातल्या त्या गर्जनेमुळेच कळतं. ‘द पोलिस’चं १९८३ चं ‘एव्हरी ब्रेथ यू टेक’ याच जातीचं. गोड गिटार, आणि बोलणारा म्हणतोय की तुझा प्रत्येक श्वास, प्रत्येक पाऊल मी मोजतो आहे, तू माझी आहेस. लग्नाच्या मंडपात हे लावण्याआधी एकदा निव्वळ शब्द मोठ्याने वाचा. स्टिंगने स्वतः ते पाळत आणि मालकीहक्काचं गाणं म्हटलं आहे.

मग गीतकाराने सांगितलेला अर्थ शेवटचा मानायचा का? त्याची साक्ष मोलाची, पण ती साक्षच. ‘लूसी’चंच पाहा. बीटल्सचा १९६७ चा अल्बम ‘सार्जंट पेपर’. जॉन लेननचा लहानगा मुलगा ज्युलियन बालवाडीतून एक चित्र घेऊन आला आणि ही हिऱ्यांसकट आकाशातली लूसी आहे असं म्हणाला. लूसी त्याच्या वर्गातली मुलगी. लेनन शेवटपर्यंत हेच सांगत राहिला, आणि नावेतलं सगळं दृश्य लुईस कॅरलच्या ॲलिसच्या गोष्टींतून घेतल्याचंही त्याने सांगितलं. आद्याक्षरांतून एलएसडी होतं हे लोकांनी दाखवलं तेव्हा त्याने ते नाकारलं. पण पुढे २००४ मध्ये बीटल्समधलेच पॉल मॅकार्टनी एका मुलाखतीत म्हणाले की त्या गाण्यावर एलएसडीची छाप आहे हे उघडच आहे. दोघंही खरं बोलत आहेत असं मी मानतो. चित्र खरं, वर्गमैत्रीण खरी. आणि संत्र्याच्या रंगाचं आकाश ज्या डोळ्यांनी पाहिलं, त्या डोळ्यांवर त्या काळाचा अंमल होता. नाव कुठून आलं याचं उत्तर मिळालं म्हणजे गाणं कशाबद्दल आहे याचंही मिळालं, असं होत नाही.

त्याच वर्षी उलटी गोष्टही घडली. लेननच्या जुन्या शाळेतल्या एका विद्यार्थ्याचं पत्र आलं की आमचे मास्तर वर्गात बीटल्सच्या गीतांचा अर्थ लावायला सांगतात. त्यावर लेननने ‘आय ॲम द वॉलरस’मध्ये मुद्दाम अशा ओळी घातल्या की कुणाला काही लागू नये. गाण्याच्या शेवटी ‘किंग लिअर’ नाटकातले आवाज ऐकू येतात. मिक्सिंग चालू असताना रेडिओची बटणं फिरवली आणि बीबीसीवर तेव्हा जे लागलं होतं ते आत आलं. त्या आवाजांवर लांबलचक विवेचनं मी वाचली आहेत. शिकवणारा म्हणून मला हे गाणं फार आवडतं, कारण शब्दांचा नाद आणि राग अर्थावाचून किती दूर जातो हे ते दाखवतं. त्याचं कोडं सोडवायला मात्र मी कुणाला बसवत नाही.

उलटं वाजवून सापडणाऱ्या संदेशांबद्दल थोडक्यात. ‘स्टेअरवे टू हेवन’ उलटं वाजवलं की सैतानाची स्तुती ऐकू येते, हा आरोप १९८२ मध्ये कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळ समितीपुढे गेला. १९९० मध्ये नेव्हाडातल्या रिनो इथे ‘ज्यूडस प्रीस्ट’वर खटला चालला. दोन तरुणांनी स्वतःवर गोळ्या झाडल्या होत्या आणि गाण्यातल्या छुप्या शब्दांनी ते घडवलं असा कुटुंबांचा दावा होता. न्यायालयाने बँडला दोषी धरलं नाही. गायक रॉब हॅलफर्डने त्याच अल्बममधली दुसरी एक ओळ उलटी वाजवून घेतली, तर ‘आई, माझी खुर्ची मोडली’ अशासारखं ऐकू आलं. काय ऐकायचं हे आधी सांगितलं की कान ते ऐकतो. एवढंच त्यातलं शास्त्र. ज्या घरांतली मुलं गेली त्यांचं दुःख खरं होतं, म्हणूनच त्याचं कारण चुकीच्या जागी शोधू नये.

चुकीचा अर्थ माणसं मारू शकतो हेही खरं आहे. बीटल्सच्या एका गाण्याचं नाव ‘हेल्टर स्केल्टर’, म्हणजे इंग्लंडच्या जत्रेतल्या मनोऱ्याभोवतीची गोल घसरगुंडी. चार्ल्स मॅन्सन अमेरिकन. त्याने त्यात वंशयुद्धाची भविष्यवाणी वाचली आणि ऑगस्ट १९६९ मध्ये त्याच्या माणसांनी लॉस एंजेलिसमध्ये खून पाडले. एका खुनाच्या घरात फ्रिजवर रक्ताने तेच दोन शब्द लिहिले होते, आणि त्यांचं स्पेलिंगही चुकलेलं होतं.

नावावरून अर्थ ठरवू नका, हेही सांगतो, कारण आमच्याकडे दर वर्षी कुणीतरी लेड झेपेलिनचं ‘कश्मीर’ घेऊन येतं आणि त्यात हिमालय शोधतं. त्यांचा गायक रॉबर्ट प्लांट याला त्या ओळी १९७३ मध्ये दक्षिण मोरोक्कोच्या वाळवंटातल्या एका सरळसोट रस्त्यावर सुचल्या. तो कधी काश्मीरला गेलेला नव्हता. गाण्यात ऊन आणि वाळू आहे, बर्फ नाही. भारताशी त्यांचा खरा संबंध पाहायचा तर १९७२ कडे पाहा. त्यांचा गिटारवादक जिमी पेज आणि प्लांट मुंबईत आले होते आणि ‘फ्रेंड्स’ आणि ‘फोर स्टिक्स’ ही आपली गाणी त्यांनी इथल्या वादकांबरोबर ध्वनिमुद्रित केली. ती ऐका, त्यात मुंबईचा हात खरोखर आहे.

राहिलं ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’. क्वीन या बँडचं, १९७५ चं, ५ मिनिटं ५५ सेकंदांचं. त्यांचा गायक फ्रेडी मर्क्युरी म्हणजे झांझिबारला पारशी कुटुंबात जन्मलेला फारोख बल्सारा. आठ वर्षांचा असताना तो पाचगणीच्या सेंट पीटर्समध्ये शिकायला आला. तिथेच पियानो शिकला आणि ‘हेक्टिक्स’ हा शाळकरी बँडही तिथलाच. आपल्याला त्याचा अभिमान आहे, मलाही आहे. पण ‘बिस्मिल्ला’ शब्द आला म्हणून त्यात झांझिबार किंवा पाचगणीची आठवण शोधणं मला पटत नाही. चरित्रातून कवीला शब्द मिळतात. त्या शब्दांचं त्याने काय केलं हे गाण्यातच पाहावं लागतं. स्कारामूश हा इटालियन लोकनाट्यातला बढाईखोर भित्रा, फँडँगो हा स्पॅनिश नाच, फिगारो ऑपेरातला न्हावी. हे सगळे रंगमंचावरचे लोक आहेत. म्हणजे मधला भाग तमाशा आहे, आणि आरोपीला त्यात उभा केला आहे.

समलैंगिकतेची कबुली हा अर्थ बरेच जाणते लोक सांगतात. जुना मी मारला, आई, आता परत फिरणं नाही, असं वाचलं तर पहिला भाग हृदय पिळवटून टाकतो आणि हे वाचन मी खोटं म्हणणार नाही. फ्रेडीने मात्र कधी अर्थ सांगितला नाही. २००४ मध्ये इराणमध्ये क्वीनची कॅसेट अधिकृतपणे निघाली, तेव्हा सोबतच्या पत्रकात हे गाणं हातून खून झालेल्या आणि आत्मा सैतानाला विकलेल्या तरुणाचं आहे, शेवटी तो देवाचं नाव घेऊन सुटतो, असं समजावलेलं होतं. लंडनमध्ये एक वाचन, तेहरानमध्ये दुसरं. दोन्हीकडे लोकांनी आपल्या अंगणातली भीती त्यात पाहिली.

माझी रीत इथे सर्वनामांची. पेन्सिल घ्या आणि कोण कुणाला काय म्हणतं ते खुणा करत जा. आधी ‘मी’, आईशी बोलणारा, हातून खून झालाय. मग ऑपेरा सुरू होतो आणि तोच मुलगा ‘तो’ होतो: तो गरीब घरचा आहे, त्याला सोडा, नाही सोडणार. त्याच्याबद्दल बोलणं चालू आहे, तो त्यातच कुठेतरी ‘मला जाऊ द्या’ म्हणतोय. वकील, न्यायाधीश, जमाव हे सगळे आवाज तिघांचेच, फ्रेडी, ब्रायन मे आणि रॉजर टेलर यांचे, थरावर थर चढवलेले. मग गिटार उसळते आणि प्रथमच त्याच्या तोंडी रागाचा ‘तू’ येतो: तू मला दगड मारशील, माझ्या तोंडावर थुंकशील असं तुला वाटतं? हा ‘तू’ कोण, प्रियकर, समाज की देव, हे मी सांगू शकत नाही आणि सांगायची गरजही नाही. एवढं कळतं की जो आईच्या कुशीत रडत होता आणि कोर्टात नुसता ‘तो’ झाला होता, त्याला पुन्हा आवाज मिळाला आहे. तो राग किती टिकतो, घड्याळ लावून पाहा. मिनिटभरसुद्धा नाही.

त्यानंतर कुणीच समोर उरत नाही. ‘तू’ नाही, आई नाही, जमाव नाही. कशानेच काही फरक पडत नाही, मला तरी नाही, असं तो पुटपुटतो, वारा येतो, आणि टेलरच्या मोठ्या थाळीवर एकच टोला पडतो. पुढच्या वेळी ऐकाल तेव्हा त्या टोल्यानंतर लगेच पुढचं गाणं लावू नका.